चुंबकाला न जुमानणारा बॉल: ‘ट्वायलाइट झोन’ पिनबॉलचं परीक्षण

पिनबॉल म्हणजे काचेखालच्या उतरत्या पाटावर बॉल टोलवत ठेवायचा यंत्रावरचा खेळ. त्यात चुंबक नेमकं काय काम करतं, हे हाताला कळायला हवं असेल तर १९९३ सालचं ‘ट्वायलाइट झोन’ खेळावं. यात एकूण सहा बॉल असतात. पाच नेहमीचे पोलादी, आणि एक पांढरा, सिरॅमिकचा. आकार सगळ्यांचा सारखाच, व्यास २७ मिलिमीटर. पण पांढऱ्या बॉलवर चुंबकाची मात्रा चालत नाही. त्याच फ्लिपरने (बटण दाबताच बॉल टोलवणाऱ्या पात्याने), त्याच वाटेने आधी पोलादी बॉल मारा आणि मग पांढरा. बॉलच्या चालीत उताराचा वाटा किती आणि चुंबकाचा किती, हे दोन फेऱ्यांत वेगळं होऊन समोर येतं. तीस वर्षांहून जुनं असूनही हे यंत्र घ्यावं, जपावं आणि दुसऱ्यांना खेळायला द्यावं असं आहे. अट एकच: त्याची मांडणी आणि देखभाल नीट झालेली हवी. ती बिघडली की यातली सगळी मजा निघून जाते आणि उरतं ते फक्त जड, दिव्यांनी भरलेलं कपाट.

शिकागोच्या मिडवे कंपनीने हे यंत्र ‘बॅली’ या नावाखाली काढलं. रचना पॅट लॉलर यांची, आणि एकूण १५,२३५ यंत्रं बनली. त्यांच्याच १९९२ च्या ‘ॲडम्स फॅमिली’ची २०,२७० यंत्रं बनली होती. त्यात प्लेफिल्डखाली, म्हणजे बॉल ज्या पाटावर पळतो त्याखाली, तीन चुंबकं होती, पण त्यांचं काम बॉलला भरकटवण्यापुरतं. त्याआधी, १९८० च्या ‘ब्लॅक नाइट’मध्ये बटण दाबून चुंबकाने खाली निसटून बाद होऊ पाहणारा बॉल धरून ठेवता यायचा. ‘ट्वायलाइट झोन’ने पुढचं पाऊल टाकलं. इथे चुंबक बॉल धरतंही आणि फेकतंही, आणि फेकण्याचं बटण खेळणाऱ्याच्या हातात असतं.

आधी उताराबद्दल, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. घरोघरी असायची ती खिळ्यांची बॅगाटेलची पाटी आठवा. मागच्या कडेखाली एखादं पुस्तक सरकवलं की छर्रा पळायला लागायचा. पिनबॉलचा उगम त्याच खेळात आहे आणि इथेही ते पुस्तक किती जाड, हाच मुद्दा आहे. या यंत्रासाठी ६.५ अंश हा उतार ठरलेला आहे. तेवढ्या उतारावर गुरुत्वाकर्षणाचा साधारण ११ टक्के भाग बॉलला खाली ओढतो. त्यातही भरीव बॉल घरंगळतो तेव्हा मिळालेल्या ऊर्जेतला दोन सप्तमांश हिस्सा स्वतःभोवती फिरण्यात जातो. त्यामुळे बॉलचं त्वरण निघतं सेकंदाला सेकंदामागे ०.८ मीटर. वरच्या टोकापासून फ्लिपरपर्यंत सुमारे १.१ मीटर अंतर धरलं, तर अडथळ्याशिवाय सोडलेला बॉल १.७ सेकंदांत खाली येतो आणि तेव्हा त्याचा वेग सेकंदाला १.३ मीटर असतो. एवढ्या प्रवासात ८० ग्रॅमच्या बॉलला उतारातून मिळणारी ऊर्जा जेमतेम ०.१ ज्यूल.

हा आकडा इतका लहान आहे म्हणूनच अर्ध्या अंशाने फरक पडतो. उतार ६ अंश ठेवला तर ओढ ८ टक्के कमी होते. बॉल रेंगाळतो, रॅम्पच्या (चढणीच्या वाटेच्या) पायथ्याशी उगाच वेळ काढतो आणि चुंबकांना जास्त वेळ सापडतो. उतार ७ अंश केला तर खेळ झणझणीत होतो, पण फ्लिपर थोडे जरी थकलेले असले तरी बॉल रॅम्प चढत नाही. मोजण्यासाठी पुढची लोखंडी पट्टी काढा, काच बाहेर घ्या आणि डिजिटल कोनमापक थेट प्लेफिल्डवर ठेवा. काचेवर किंवा कपाटाच्या कडेवर ठेवून घेतलेलं माप फसवं असतं, कारण काच प्लेफिल्डला समांतर असतेच असं नाही. आडवी पातळी दोन ठिकाणी पाहा: फ्लिपरच्या वर, आणि मागच्या भागात. जुन्या कपाटांना बऱ्याचदा पीळ बसलेला असतो. मग पुढे शून्य दिसतं आणि मागे अर्धा अंश डावीकडे. अशा वेळी मागच्या पायांचे स्क्रू फिरवून दोन्हींतला मध्य गाठावा लागतो.

आता पांढऱ्या बॉलकडे येऊ. यंत्रात त्याचं नाव ‘पॉवरबॉल’. वजन सुमारे ६५ ग्रॅम, म्हणजे पोलादी बॉलपेक्षा जवळपास पाचव्या हिश्शाने कमी. हलका असल्यामुळे तो उतारावरून वेगाने येतो, असं खेळणारे सर्रास म्हणतात. हे बरोबर नाही. घरंगळण्याच्या त्वरणात वस्तुमान येतच नाही. भरीव आणि एकसारखे असतील तर दोन्ही बॉल एकाच वेळी खाली पोचतात. फरक पडतो तो फ्लिपरवर. फ्लिपरने दोन्ही बॉलना सारखीच ऊर्जा दिली असं धरलं तर हलक्या बॉलचा वेग ११ टक्के जास्त निघतो. प्रत्यक्षात फ्लिपरचा दांडा, त्याला ओढणारा लोखंडी प्लंजर आणि दोन्हींना जोडणारी लिंक मिळून बॉलपेक्षा जड पडतात, त्यामुळे वाढ त्याहून कमी असते. पण असते नक्की, आणि सरावलेल्या हाताला ती लगेच जाणवते: नेहमीच्या बिंदूवरून मारलेला पॉवरबॉल लक्ष्याच्या थोडा बाजूला जातो.

टकरीतही हेच. कॅरममध्ये स्ट्रायकर सोंगटीपेक्षा जड, म्हणून सरळ टक्कर झाल्यावरही तो थोडा पुढे सरकतो. दोन सारखे पोलादी बॉल समोरासमोर भिडले की मारणारा जागीच थांबतो आणि दुसरा निघून जातो. पॉवरबॉल मात्र पोलादी बॉलवर आपटला की उलटा फिरतो, आलेल्या वेगाच्या साधारण एक दशांश वेगाने. हे पाहायला एकाच वेळी अनेक बॉलचा खेळ सुरू असताना फ्लिपरवर एक पोलादी बॉल धरून ठेवा आणि पॉवरबॉल त्यावर येऊ द्या.

चुंबकांच्या दोन जागा आहेत. एक उजवीकडच्या ‘स्पायरल’ वाटेवर, जिथे प्लेफिल्डखालची विद्युतचुंबकं वेगात आलेल्या बॉलला पकडतात आणि शांतपणे सोडतात. दुसरी वरच्या बाजूचं छोटं त्रिकोणी पटांगण, ‘पॉवरफील्ड’. यंत्राचा जीव इथे आहे. पॉवरफील्डवर फ्लिपर नाहीतच. दोन बाजूंना पृष्ठभागाखाली दोन चुंबकं आणि ती चालवणारी फ्लिपरचीच बटणं. डावं बटण डाव्या चुंबकाला, उजवं उजव्याला. बॉल खालून निसटण्याआधी वरच्या तोंडातून बाहेर काढायचा.

चुंबक फक्त ओढतं, ढकलत नाही. मग ते फेकतं कसं? चालू चुंबक म्हणजे पटांगणातला अदृश्य खड्डा समजा. बॉल खड्ड्याकडे घसरतो तेव्हा वेग घेतो, तळाशी सगळ्यात वेगवान असतो आणि पलीकडची चढण चढताना तो सगळा वेग परत देऊन बसतो. चुंबक चालूच ठेवलं तर हिशेब शून्य, उलट थोडा तोटाच. बॉल तिथेच घुटमळतो आणि चिकटून बसतो. पण बॉल तळाशी असताना कुणी खड्डा बुजवला तर? चढण उरतच नाही आणि कमावलेला वेग बॉलकडेच राहतो. पॉवरफील्डवर हेच घडतं. प्रवाह ऐन वेळी सुरू होतो, बॉल चुंबकाच्या गाभ्यावर येताच तुटतो, आणि बॉल पलीकडे भिरकावला जातो. ही ऊर्जा चुंबकाच्या पोटात साठलेली नव्हती, ती वीजपुरवठ्यातून आलेली असते.

खेळताना याचा उपयोग असा. बॉल चुंबकाच्या जरा अलीकडे असताना बटणाला टिचकी मारा. दाबून धरण्यात काही लाभ नाही. लवकर मारलं तर बॉल अजून लांब असतो आणि ओढ अंतराबरोबर झपाट्याने घटते, म्हणून बॉल नुसता हेलकावतो. उशिरा मारलं तर बॉल पुढे गेलेला असतो आणि चुंबक त्याला मागे खेचतं, म्हणजे चक्क ब्रेक लावतं. हा ब्रेकही कामाचा आहे. बॉल फार वेगाने खाली निघाला असेल तर आधी उशिराच्या टिचकीने त्याला मंद करा आणि मग दुसऱ्या बाजूच्या चुंबकाने वर काढा. दहा-बारा खेळांत हा अंदाज बसतो. पिनबॉलमध्ये इतकं नाजूक नियंत्रण फार थोड्या ठिकाणी मिळतं, आणि या यंत्राला पैकीच्या पैकी गुण द्यावेसे वाटतात ते इथेच.

पॉवरबॉलवर यातलं काहीच चालत नाही. सिरॅमिकमध्ये लोह नाही, त्यामुळे चुंबकाला धरायला काही सापडत नाही. स्पायरलमध्ये पोलादी बॉल जिथे थबकतो तिथून पांढरा बॉल सुसाट निघून जातो, आणि त्याची सवय नसलेल्याचा फ्लिपर हमखास उशिरा उठतो. तोच बॉल पुन्हा गमबॉलच्या (च्युइंगमच्या गोळ्यांच्या यंत्रासारख्या) पारदर्शक डब्यात नेऊन टाकला की ‘पॉवरबॉल मेनिया’ हा खास खेळ सुरू होतो.

आपल्याकडे आत्ता कोणता बॉल आहे हे यंत्राला कसं कळतं, हा भाग फार सुंदर आहे. बॉल जिथे जमा होतात तिथे, आणि बॉल ज्या खोबणीतून जातो तिथेही, धातू ओळखणारे सेन्सर बसवले आहेत. सेन्सरच्या छोट्या कॉइलमध्ये (तारेच्या वेटोळ्यात) जलद उलटसुलट होणारा प्रवाह खेळत असतो. धातू जवळ आला की त्यात भोवऱ्यासारखे प्रवाह उमटतात आणि कॉइलची ऊर्जा थोडी खातात. सर्किटला ती घट कळते. शेजारचा साधा स्विच सांगतो ‘बॉल आहे’, सेन्सर सांगतो ‘धातू नाही’, म्हणजे हा पॉवरबॉल. सेन्सर बिघडला किंवा त्याची तार सुटली की यंत्राला प्रत्येक बॉल पांढराच वाटतो. सारखे पॉवरबॉलचे पुकारे, चुकीच्या बॉलची मोजदाद आणि खेळ अडकणं ही त्याची लक्षणं. तपासणी सोपी आहे: मेनूतून स्विच चाचणी लावा, सेन्सरसमोर पोलादी बॉल धरा, नोंद दिसली पाहिजे. पांढरा धरा, दिसता कामा नये. दोन्हींना सारखंच उत्तर मिळालं तर आधी जोडणीच्या पिना आणि तारांचे टाके पाहा. सेन्सर बदलण्याची वेळ बहुतेकदा येत नाही.

फ्लिपरची ऊर्जा हा वेगळा आणि जास्त खर्चिक विषय आहे. या पिढीच्या यंत्रांत प्लंजरला आत ओढणाऱ्या फ्लिपरच्या कॉइलमध्ये दोन वाइंडिंग (तारेच्या गुंडाळ्या) असतात: जाड तारेचं जोरासाठी, बारीक तारेचं धरून ठेवण्यासाठी. नारिंगी कागदाची एफएल-१५४११ ही कॉइल घेतली तर जाड वाइंडिंग सुमारे ४.२ ओहम आणि बारीक सुमारे १४५ ओहम. मॅन्युअलमध्ये ‘५० व्होल्ट’ लिहिलेला पुरवठा प्रत्यक्षात ७० व्होल्टच्या आसपास भरतो. म्हणजे जाड वाइंडिंगमधून जास्तीत जास्त १६-१७ अँपिअर, क्षणभरासाठी हजार वॉटपेक्षा जास्त. कपड्यांची इस्त्री ओढते तेवढी ताकद त्या मुठीएवढ्या कॉइलमध्ये. प्लंजर आत पोचला की जाड वाइंडिंग बंद होतं आणि बारीक वाइंडिंग अर्ध्या अँपिअरवर, ३४ वॉटमध्ये, फ्लिपर वर धरून ठेवतं.

हा जोर जातो कुठे? सरासरी १० अँपिअर आणि ३० मिलिसेकंद धरले तर एका फटक्याला सुमारे २१ ज्यूल लागतात. सेकंदाला ३ मीटर वेगाने घरंगळणाऱ्या बॉलकडे असतात ०.५ ज्यूल. म्हणजे शंभरातले दोन-तीन भाग बॉलला. थोडे दांडा-प्लंजर हलवण्यात आणि थांबवण्यात जातात, आणि बाकी सगळ्याची तांब्यात उष्णता होते. म्हणून अर्धा-पाऊण तास खेळल्यावर फ्लिपर ‘मेल्यासारखे’ वाटतात. तांब्याचा रोध प्रत्येक अंश सेल्सिअसला ०.३९ टक्के वाढतो. कॉइल ६० अंशांनी तापली की रोध २३ टक्के वाढलेला असतो, प्रवाह १९ टक्के घटलेला. आणि ओढ प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती जवळपास एक तृतीयांशाने कमी होते. लोखंड संपृक्ततेच्या जवळ, म्हणजे आणखी चुंबकत्व घेऊ न शकण्याच्या अवस्थेत, असेल तर घट इतकी नसते, पण चढणीचा रॅम्प हुकायला तेवढी पुरते.

मात्र थंड असतानाही फ्लिपर अशक्त असतील तर दोष उष्णतेचा नाही, झिजेचा आहे. प्लंजर शेवटच्या टप्प्यावर असतो तेव्हा हवेची फट सर्वांत लहान आणि ओढ सर्वांत मोठी. सतत आपटून कॉइल-स्टॉपचं (प्लंजर जिथे आदळून थांबतो त्या तुकड्याचं) आणि प्लंजरचं तोंड अळंबीसारखं पसरतं. पसरलेल्या कडा स्लीव्हच्या (प्लंजर ज्या नळीतून सरकतो तिच्या) आतल्या भिंतीला घासायला लागतात. स्लीव्ह बाहेर काढून उजेडात धरली तर आत राखाडी पट्टे आणि चटके दिसतात. अशी स्लीव्ह साफ करत बसू नका, नवी घाला. आणि तेल कधीही घालू नका: नायलॉनच्या नळीत तेल आणि लोखंडाची भुकटी मिळून घट्ट लेप होतो आणि महिन्याभरात फ्लिपर आधीपेक्षा मंद होतो. बदलायचे ते भाग एकदमच बदला: प्लंजर-लिंक, स्लीव्ह, कॉइल-स्टॉप, बुशिंग (दांडा ज्यात फिरतो ती चकती-नळी) आणि शेवटच्या टप्प्याचा स्विच. दांडा परत बसवताना बुशिंगवर उभी मोकळीक एक मिलिमीटरच्या आत, पण थोडी ठेवाच. पूर्ण दाबून बसवला तर दांडा घासतो.

शेवटच्या टप्प्याच्या स्विचबद्दल एक गोष्ट. जुन्या यंत्रांत हा स्विच जोराचा प्रवाह स्वतः तोडायचा. इथे तो उलटा आहे: एरवी उघडा, फ्लिपर पूर्ण उठल्यावर बंद होणारा, आणि फक्त संगणकाला खबर देणारा. तो बिघडला तरी फ्लिपर चालतो, त्यामुळे महिनोन्महिने कुणाच्या लक्षात येत नाही. मग एक दिवस धरून ठेवलेल्या फ्लिपरवर जोरात बॉल येतो आणि फ्लिपर खाली दबून बॉल निसटतो. तो खाली दबल्याची खबर न मिळाल्याने संगणक पुन्हा जोर देत नाही. जुन्या यंत्राचा जाड संपर्काचा स्विच इथे लावू नका, दोन्ही दिसायला सारखे असले तरी.

फ्लिपरची कॉइल मोजताना यंत्र बंद आणि प्लग बाहेर. तीन टोकांपैकी ज्यावर जाड आणि बारीक अशा दोन्ही तारा येतात ते समाईक टोक. तिथून जाड तारेच्या टोकापर्यंत चार-पाच ओहम, बारीक तारेच्या टोकापर्यंत शंभराच्या वर. जोराच्या वाइंडिंगचा रोध दोन-अडीच ओहमवर आला असेल तर आतलं इनॅमल जळून वेढे एकमेकांना टेकलेत. अशी कॉइल पुन्हा लावली तर ती तिचा प्रवाह चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टरही घेऊन जाते. यातल्या इतर कॉइलच्या नंबरातच त्यांची कुंडली असते. एई-२३-८०० म्हणजे २३ गेजची तार, ८०० वेढे. वेढे कमी आणि तार जाड, तर रोध कमी आणि धक्का जास्त. म्हणून ‘जास्त ताकदीची’ म्हणून हाताला येईल ती कॉइल बसवणं टाळा. लॉलर यांनी रॅम्पच्या उंचीशी जुळवून नंबर ठरवले आहेत. जास्त जोराच्या कॉइलने बॉल रॅम्पवरून उडतो आणि प्लास्टिकचे भाग फुटतात.

पुन्हा चुंबकांकडे, कारण बिघाड तिथेच जास्त महाग पडतो. चुंबक अजिबात ओढत नसेल तर क्रमाने पाहा: फ्यूज, कॉइलचा रोध, जोडणीची पिन, मग ट्रान्झिस्टर. चुंबक सारखंच चालू राहत असेल तर क्रम वगैरे काही नाही, आधी यंत्र बंद करा. ट्रान्झिस्टर शॉर्ट झालेला आहे. सतत प्रवाहाने कॉइल तापते, वरचं लाकूड काळवंडतं आणि रंग फुगतो. प्लेफिल्डची ती जखम पूर्ववत होत नाही. नवा टीआयपी-१०२ ट्रान्झिस्टर लावताना कॉइलवरचा १एन४००४ डायोडही बदला, पट्टीची बाजू धन टोकाकडे. प्रवाह तुटताना कॉइल आपली साठवलेली ऊर्जा उलट्या विद्युतदाबाने बाहेर टाकते आणि ती या डायोडमधून जिरते. डायोड तुटलेला असेल तर तो दाब थेट ट्रान्झिस्टरवर येतो, आणि नवा ट्रान्झिस्टरही पहिल्याच टिचकीला जातो.

आता जो दोष सर्वांत जास्त आढळतो आणि सर्वांत कमी ओळखला जातो तो: चुंबकत्व धरलेले बॉल. प्रत्येक पकडीबरोबर पोलादी बॉलमध्ये थोडं चुंबकत्व मागे राहतं. पोलाद जितकं कठीण, तितकं ते जास्त राहतं. म्हणून आरशासारखे चकचकीत, जास्त कठीण क्रोम पोलादाचे बॉल या यंत्रात घालू नयेत. साधे कार्बन पोलादाचेच घालावेत. चुंबकत्व आलेले बॉल खाली जमताना एकमेकांना चिकटतात, एकाऐवजी दोन बाहेर येतात किंवा एकही येत नाही, आणि गमबॉलच्या डब्यात अडकतात. लोक मग कॉइल आणि स्विच बदलत बसतात. तपासायला स्टेपलरची एक पिन पुरते. बॉल पुसून तिच्याजवळ न्या. पिन उचलली गेली तर बॉल बाद. चुंबकत्व घालवता येतं, उलटसुलट प्रवाहाच्या डिमॅग्नेटायझरमधून बॉल हळूहळू लांब ओढून. पण चुंबकांमुळे ते परत येतंच, तेव्हा पाच नवे बॉल घालणं सोपं.

चुंबकांच्या गाभ्यांभोवती एक काळं कडं जमतं, बारीक धुरळ्यासारखं. ती लोखंडाची भुकटी. बॉल गंजला किंवा त्यावर चरे पडले की ती जास्त पडते, चुंबक ती गोळा करतं आणि पुढचा प्रत्येक बॉल ती प्लेफिल्डवर सँडपेपरसारखी घासतो. मुंबई, कोकण, गोवा इथल्या दमट हवेत बॉल लवकर गंजतात. तिथे दर महिन्याला काच काढून कोरड्या सुती कापडाने हे कडं पुसा, गाभ्यावर चिकटपट्टी दाबून उचला आणि वर कार्नोबा मेणाचा पातळ हात द्या. ओलं फडकं नको.

बाकी भाग थोडक्यात. प्लेफिल्डवरचं मोठं घड्याळ देखणं आहे, पण मूळ दिव्यांची उष्णता त्याच्या बोर्डला भाजून काढते. एलईडी लावून टाका. संगणक बोर्डवरचे तीन पेन्सिल सेल गळले तर बोर्ड खातात, ते तारेने लांब न्यावेत. चाचणीच्या यादीत स्पायरलच्या तिसऱ्या चुंबकाचं नाव दिसतं, पण उत्पादनातल्या यंत्रांत ते बसवलेलं नसतं, त्याला बिघाड समजू नका. चित्रं, आवाज, नियमांची खोली यांबद्दल तक्रार नाही. नियम मात्र गुंतागुंतीचे आहेत, नवख्याला पहिला आठवडा काहीच उमगत नाही.

भारतात आणायचं असेल तर एक गोष्ट आधी करा. अमेरिकेतून आलेलं यंत्र ११५ व्होल्टवर लावलेलं असतं. ट्रान्सफॉर्मरच्या जोडणीतले जंपर (जोडतारा) मॅन्युअलमधल्या आकृतीप्रमाणे २३० व्होल्टसाठी बदलावे लागतात, आणि मुख्य फ्यूजही त्यानुसार. हे न करता प्लग लावला तर दुरुस्तीचा खर्च यंत्राच्या किमतीकडे झुकतो. शिवाय कॉइलचा पुरवठा स्थिर केलेला नाही, तो घरच्या व्होल्टेजबरोबर वरखाली होतो. २३० चे २१० झाले तर ७० व्होल्टचे ६४ होतात आणि ओढ १७ टक्के घटते. २५० झाले तर १८ टक्के वाढते आणि फ्लिपर बॉल काचेवर आदळवतात. संध्याकाळी सगळ्या इमारतीचे एसी सुरू झाले की यंत्र एकदम ‘जड’ वाटतं, त्याचं कारण बहुतेकदा हेच. दीड-दोन केव्हीएचा सर्वो स्टॅबिलायझर लावा. रिलेवाला पायरीपायरीने उड्या मारतो आणि प्रत्येक उडी फ्लिपरमध्ये जाणवते. अर्थिंग पक्कं हवं, यात तडजोड नाही.

विकत घ्यायला जाताना खिशात स्टेपलरच्या पिना, मल्टिमीटर आणि कोनमापक असू द्या. आधी पांढरा बॉल मागा. तो हरवलेला असेल तर किंमत तिथेच खाली आली पाहिजे, कारण त्याच्याशिवाय हे यंत्र अर्धंच आहे. मग काच काढायला सांगा, स्पायरलच्या वाटेवर बोट फिरवा आणि लाकूड फुगलंय का पाहा. शेवटी यंत्र अर्धा तास चालू ठेवून, कॉइल तापल्यावर, दोन्ही रॅम्प मारून पाहा. थंड यंत्रावर सगळेच रॅम्प चढतात.